कणकेचा गोळा आणि मंडळाचे इतिवृत्त : बायकांच्या कंपूवर काळी उपहासकथा कशी लिहावी

बायकांच्या कंपूवर काळी उपहासकथा लिहायला बसलेले बहुतेक लेखक पहिल्या परिच्छेदातच घसरतात, कारण ते एखाद्या बाईपासून सुरुवात करतात. तिचे डोळे, तिचे एकटेपण, खिडकीबाहेरचा पाऊस आणि आत घोरणारा नवरा एवढे पहिल्या पानावर आले की वाचकाला पुढचे सगळे कळते, आणि जे कळले त्याबद्दल त्याला दया वाटू लागते. दया आली की उपहास संपला. म्हणून माझी पहिली सूचना अशी की सुरुवात नियमापासून करावी. कंपूने कोणता नियम केला, तो कोणत्या दिवशी केला आणि त्याचे कारण म्हणून चारचौघींत काय सांगितले, एवढे आधी कागदावर उतरवावे. नियम जितका क्षुल्लक आणि सांगितलेले कारण जितके निर्मळ, तितकी त्याखाली दडपलेली इच्छा दांडगी असते, हे वाचक स्वतःहून ओळखतो. त्याला ते सांगायला गेलेला लेखक स्वतःच्याच कथेत चहाड्या करत फिरतो.

पुढे मी एकच कथा उदाहरणादाखल थोडी थोडी उभी करत नेणार आहे. तिच्यातले गाव, मंडळ आणि माणसे सर्वस्वी कल्पित आहेत. तालुका तेवढा खरा घेतला आहे, गोव्यातला डिचोली, आणि तो का घेतला ते ओघाने येईल.

जागा निवडताना

कंपूला भेटण्याची सबब लागते, आणि गोव्यातल्या खेड्यात मध्यमवयीन बाईला दर आठवड्याला दोन तास घराबाहेर काढायचे असतील तर ती सबब बहुधा देवाची असते. सबब नीट निवडली की अर्धी कथा लिहून झालीच असे समजावे. हळदीकुंकवाचा मोह सगळ्यांनाच होतो, कारण तिथे वाण असते, उखाणे असतात आणि कुंकवाची डबी कोणापुढे थांबते व कोणाला ओलांडून जाते हे दाखवायची सोय असते. पण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या मोजक्या दिवसांत हा सोहळा आटोपतो, आणि सूडाला त्याहून जास्त अवधी लागतो. चार पानांच्या कथेला हळदीकुंकू पुरेसे आहे. त्यापुढे ते ताणले की तेच तेच ताट पुन्हा फिरू लागते.

धालो या बायकांच्या लोकनृत्याकडे वळण्याचा मोह त्याहून मोठा. पौषातल्या चांदण्या रात्री मांडावर, म्हणजे त्यासाठी राखलेल्या अंगणात, समोरासमोर दोन रांगा करून बायका गातात, वाकतात, मागेपुढे सरकतात. गावागावाप्रमाणे पाच, सात वा नऊ रात्री हे चालते. मांडावर पुरुषाला जागा नसते. अखेरीस सोंगे निघतात आणि काही जणींच्या अंगात रंभा येते. वर्षभर जिला मान वर करू दिली नाही तिच्या अंगातल्या रंभेपुढे गाव हात जोडतो, यात उपहासाला लागणारे सगळे साहित्य आयते आहे. नेमके म्हणूनच नवशिक्याने धालोपासून लांब राहावे असे मी सांगते. तिथे गावाने इच्छेला स्वतःच वाट काढून दिली आहे, तिला तिथी दिली आहे आणि मांड सारवून दिला आहे. झाकणच उघडे ठेवलेल्या भांड्यात वाफ कोंडत नाही. शिवाय दिवसभर कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, आणि शेतात राबलेल्या बायकांचे अंगात येणे हा पणजीच्या सदनिकेत बसून हसण्याचा विषय करावा, हे मला पटत नाही.

मी निवडते ते महिला भजनी मंडळ, आणि त्यामागचे कारण सत्तेचे आहे. गोव्यातल्या देवस्थानांचा कारभार १९३३ सालच्या पोर्तुगीज अमदानीतल्या नियमावलीप्रमाणे महाजनांकडे, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरागत सभासदांकडे, असतो, आणि कितीतरी देवस्थानांत महाजनपद पुरुष वंशजांकडेच चालत आलेले आहे. ज्या देवळाचे अंगण ती तीस वर्षे झाडते, ज्याच्या पालखीपुढे ती ओवाळते, त्या देवळाच्या सभेत तिला मत नसते. अशा बाईच्या हाती एक नोंदवही, एक पावतीपुस्तक, सात जोड्या टाळ आणि चार बायकांवर हुकूम चालवायचा अधिकार आला, तर ती ते राज्य किती कडकपणे चालवील याचा अंदाज करावा. मंडळात पदे असतात, वर्गणी असते, ठराव असतात, आणि कला अकादमीच्या भजन स्पर्धेत महिलांचा गटही असल्याने कथेला एक ठरलेली तारीख मिळते, जिच्या दिशेने सगळ्या जणी दात दाबून सरकत राहतात.

इथेच एका जुन्या रोगाचा बंदोबस्त करून ठेवावा. ‘बाईच बाईची वैरीण’ हे वाक्य किंवा त्याचा वास कथेत कुठेही आला तर ते पान फाडावे. कंपू क्रूर असतो यात वाद नाही, पण तो क्रूर का होतो हे देवळाच्या सभेतल्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिले की कळते. पहारा देणे हीच जिला मिळालेली एकमेव नोकरी आहे, ती ती इमानेइतबारे करणारच. सभेतले पुरुष कथेत आणायची गरज नाही; ते शेजारच्या खोलीत जेवत असले तरी पुरते. मात्र त्यांचे जेवण कोणी वाढले, हे एका वाक्यात आले पाहिजे.

किती जणी आणि कोण कोण

पाच. तिघी घेतल्या तर त्रिकोण होतो आणि वाचक बेरीज-वजाबाकी करू लागतो. सात घेतल्या तर तो नावे विसरतो. आपल्या मंडळात अध्यक्ष सुलभावहिनी, खजिनदार शालनमावशी, मुख्य गायिका प्रतिभा, चिटणीस कुमुदबाई आणि दोन वर्षांपूर्वी मंडळात आलेली सुषमा अशा पाच जणी आहेत. गुरुवारी संध्याकाळी पलीकडच्या गावातून स्कूटरवरून एक तरुण पखवाज वाजवायला येतो. त्याला नाव देऊ नये. मंडळ त्याला ‘पखवाजवाले’ म्हणते, अनेकवचनात, आणि त्या अनेकवचनात जितके अंतर आहे तितकेच त्याला कथेत द्यावे.

प्रत्येकीला कारण द्यावे, पण एकीलाच भरपूर द्यावे. सुलभावहिनींच्या घरचे खाणीतला माल वाहणारे तीन टिप्पर होते. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. मधली काही वर्षे काम पुन्हा सुरू झाले, ते मार्च २०१८ मध्ये परत बंद पडले. डिचोली तालुका मी घेतला तो यासाठी. खाणी बंद झाल्याने घरात पैसा कमी आला हे सगळे लिहितात. मला महत्त्वाचे वाटते ते असे की पहाटे जाऊन रात्री येणारा नवरा एकाएकी दिवसभर सोप्यावर बसू लागला. घरातले दहा तासांचे जे राज्य वहिनींनी वीस वर्षे उपभोगले होते, ते एका आदेशाने खालसा झाले. आता डाळीला फोडणी दिली तरी सोप्यावरून ठसका येतो आणि प्रश्न येतो. मग वहिनींनी मंडळाचे अध्यक्षपद घेतले. गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे त्या घराच्या अर्ध्या मालकीण आहेत, त्यांच्या सहीवाचून नवऱ्याला ते घर विकता येणार नाही; पण त्या घरात दुपारी एक तास एकटे बसायला मिळावे अशी मागणी कोणत्या मुद्रांकाच्या कागदावर करायची, हे कोणत्याच कायद्यात लिहिलेले नाही. एवढे कारण पुरे. शालनमावशीला तिच्या किल्ल्या द्याव्यात, प्रतिभाला आखातातला नवरा आणि रविवारचा व्हिडिओ कॉल द्यावा, आणि पुढे जावे.

कंपूतली उतरंड दाखवायला बसण्याची जागा, चहाचा क्रम असल्या खुणा आहेतच. पण मराठीने याहून धारदार हत्यार आपल्या हाती दिले आहे, ते म्हणजे नावामागची उपाधी. चिटणिसाच्या वहीत हजेरी अशी लागते : सौ. सुलभा, सौ. शालन, सौ. प्रतिभा, कु. कुमुद, श्रीमती सुषमा. तीन सवाष्णी, एक एकसष्ट वर्षांची कुमारी आणि एक चौतीस वर्षांची विधवा. या एका ओळीत मंडळाची घटना लिहिलेली आहे. लेखकाने त्यावर भाष्य करू नये. दर बैठकीला ती ओळ तशीच्या तशी पुन्हा यावी, एवढेच पाहावे.

इच्छा कोणत्या वस्तूत ठेवावी

सर्वांत जास्त वेळ इथे घालवावा, कारण बहुतेक कथा इथेच मरतात. दडपलेली इच्छा माणसाच्या मनात ठेवली की ती मनोविश्लेषण होते. ती वस्तूत ठेवावी लागते, आणि ती वस्तू कामाची असावी लागते, शोभेची नव्हे. साडी, आरसा, अत्तराची कुपी या वस्तू इतक्या लेखकांनी वापरल्या आहेत की त्या हाताला बुळबुळीत लागतात. ज्या व्यवहारावर कथा आहे त्याच्यातच शोधावे, त्याच्या हत्यारांत, त्याच्या कच्च्या मालात.

पखवाज पाहावा. त्याच्या उजव्या पुडीवर, म्हणजे कातड्याच्या तोंडावर, शाई कायमची बसवलेली असते, पण डाव्या बाजूच्या धूम पुडीवर दर वेळी ताज्या भिजवलेल्या कणकेचा लगदा लावावा लागतो, त्याशिवाय तिला खर्ज येत नाही. भजन संपले की ती कणीक खरवडून काढायची. म्हणजे दर गुरुवारी कोणीतरी बाई आपल्या घरी कणीक मळते, ओल्या फडक्यात गुंडाळून आणते. पखवाजवाले ती बोटांनी चेपून कातड्यावर पसरतात, थोडे पाणी मागतात, पुन्हा चेपतात, थाप मारून पाहतात. आणि पुढचे दोन तास तिच्या हातच्या कणकेवर त्यांचा तळहात पडत राहतो. हे सगळे विठ्ठलाच्या नावाने, उघड्यावर, समईच्या उजेडात. मला यात एकही शब्द पदरचा घालावा लागलेला नाही, आणि वस्तू बरोबर निवडल्याची खूण हीच की लेखकाला काही घालावे लागत नाही.

आता घटना द्यावी, आणि ती शक्य तितकी लहान असावी. एका गुरुवारी पखवाजवाले थाप मारून म्हणतात, “आयज धूम बरी वाजली. कणीक कोणें मळ्ळी?” कणीक सुषमाने मळलेली असते. ती काही बोलत नाही. प्रतिभा तिच्याकडे पाहते, शालनमावशी प्रतिभाकडे पाहते, आणि सुलभावहिनी समईची वात पुढे सारतात. यानंतर नवशिका लेखक असे लिहील :

“सुलभावहिनींच्या काळजात चर्र झाले. इतकी वर्षे आपण मळलेल्या कणकेबद्दल त्यांनी एकदाही विचारले नव्हते. त्यांच्या मनात मत्सराचा अग्नी पेटला.”

हे वाक्य चुकीचे नाही, म्हणूनच ते निरुपयोगी आहे. ते वाचल्यावर वाचकाला करायला काही उरत नाही. याऐवजी पुढच्या बैठकीचे इतिवृत्त द्यावे :

“ठराव क्र. ११. पखवाजाच्या धूम पुडीस लावावयाची कणीक यापुढे केवळ अध्यक्षांच्या घरूनच आणावी, असे सर्वानुमते ठरले. कारण, पिठाची शुद्धता. सूचक सौ. सुलभा, अनुमोदक सौ. शालन. श्रीमती सुषमा यांनी आजवर आणलेल्या कणकेबद्दल मंडळ त्यांचे आभारी आहे.”

‘आजवर’ या शब्दावर कथा उभी आहे. आभार मानून एखाद्याला बाहेर काढण्याची कला मराठी सभांनी फार उंचीवर नेलेली आहे, आणि त्या भाषेचा सराव ज्याला नाही त्याने आधी दहा संस्थांची इतिवृत्ते वाचावीत, मग कथा लिहावी.

वस्तू एकदा चालू लागली की तिला तिच्या मार्गाने शेवटपर्यंत जाऊ द्यावे. भजनानंतर खरवडलेली कणीक एरवी गाईला घालतात. सुलभावहिनी ती ‘वाया जाऊ नये म्हणून’ स्टीलच्या डब्यात घालून घरी नेऊ लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डब्यातल्या कणकेची पोळी होते आणि सोप्यावर बसलेल्या नवऱ्याच्या ताटात जाते. तो म्हणतो, “आज पोळी चिवट झाली.” त्या म्हणतात, “दुसरी वाढू?” प्रसंग एवढाच. दोन तास दुसऱ्या पुरुषाच्या हाताखाली राहिलेली कणीक नवऱ्याला खाऊ घालण्यात सूड आहे, की भक्ती आहे, की काटकसर, हे वहिनींनाही ठाऊक नसावे, आणि लेखकाला ठाऊक असले तरी त्याने गप्प बसावे. काळ्या उपहासाचा काळेपणा रक्ताने येत नाही. तो अशा पोळीने येतो.

कोणती मराठी, आणि कुठे कोंकणी

गोव्यातल्या मराठी लेखकाला जी सोय आहे ती पुण्यातल्या लेखकाला नाही, आणि आपण ती अडचण समजून लपवत बसतो. आपल्याकडे पुष्कळ घरांत वर्तमानपत्र मराठी, पोथी मराठी, लग्नपत्रिका मराठी, नाटक मराठी; पण भांडण, लाड, शिवी आणि झोपेतले बडबडणे कोंकणी. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणीला राजभाषा केले आणि मराठीचा शासकीय वापर कायम ठेवला, त्या वादात मला इथे शिरायचे नाही. कथाकाराला एवढेच पाहायचे आहे की आपली पात्रे एका भाषेत शिष्ट असतात आणि दुसऱ्या भाषेत उघडी. अशी सरळ रेघ आयती आखून मिळाली असताना ती न वापरणे म्हणजे करंटेपणा.

म्हणून ही कथा चिटणीस कुमुदबाईंच्या वहीतून सांगावी. १९६३ मध्ये पहिले लोकनियुक्त सरकार आल्यावर गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, तशा एका शाळेत त्या शिकल्या आणि तशाच एका शाळेत शिकवून निवृत्त झाल्या. त्यांची मराठी निष्कलंक आहे. दुसरीच्या तोंडून ‘कितें’ आले की त्या वहीत ‘काय’ लिहितात. प्रतिभा चिडून “म्हाका नाका गे तें!” असे ओरडली, तरी वहीत “सौ. प्रतिभा यांनी नम्रपणे असमर्थता दर्शविली” अशी नोंद होते. या भाषांतरातूनच निम्मा विनोद आपोआप निघतो. लेखकाने फक्त मूळ उद्गार दर चार ठरावांमागे एकदा वाचकाच्या कानी पडू द्यावा. रोज पडू दिला तर ते फार्सिकल होते.

निवेदकाला ‘मी’ देऊ नये. वहीत ‘मंडळ’ असते. मंडळ कधी रागावत नाही, मंडळाला खेद होतो. मंडळ कधी हेरगिरी करत नाही, त्याला काळजी वाटते. मंडळ कोणाला काढत नाही, ते कोणाच्या तरी सोयीसाठी वेळ बदलते. ही क्रियापदे एका कागदावर लिहून समोर टांगावीत आणि त्यांबाहेर पाऊल टाकू नये. मात्र इतक्या शुद्ध वहीत एक चूक हवी, आणि ती एकच हवी, कारण दडपलेली गोष्ट फटीतून येते आणि दोन फटी असल्या की तिला दार म्हणतात.

ती चूक मी अशी योजते. जाई हे फूल कोंकणीत ‘जाय’ होते. म्हार्दोळच्या जाया प्रसिद्ध आहेत. पावसाळ्यात तिथे म्हाळसा देवीची जायांची पूजा होते, तेव्हा देऊळ फुलांनी भरून जाते. दुपारी खुडलेल्या कळ्या संध्याकाळी माळेत उमलतात, म्हणजे भजनाच्या वेळेला वास नेमका भरात असतो. सुषमा एका गुरुवारी केसांत जाईची चार फुले घालून येते. विधवेने फूल माळले, हे मंडळातल्या प्रत्येकीने पाहिले आणि कोणीच पाहिले नाही. कुमुदबाईंनी मात्र हजेरीपुढे नोंद केली : श्रीमती सुषमा (जाय). एरवी ‘जाई’ लिहिल्यावाचून जिचा हात पुढे सरकला नसता, तिने ‘जाय’ लिहिले. आणि कोंकणीत ‘जाय’ या शब्दाचा रोजचा अर्थ आहे ‘हवे’. म्हाका जाय, मला हवे आहे.

पुढच्या गुरुवारी पुन्हा, श्रीमती सुषमा (जाय). त्यापुढच्या गुरुवारी, श्रीमती सुषमा, ६.५२ वाजता (जाय). दुसऱ्या कोणाच्या नावापुढे वेळ नाही, फूल नाही. वाचक इतका वेळ पखवाजवाल्याकडे पाहत बसला होता, कारण सगळा कंपू त्याच्याकडे पाहत होता. आणि ज्या बाईची इच्छा कोणाच्या हिशेबातच नव्हती, जिच्या नावामागे एकसष्टाव्या वर्षीही ‘कु.’ आहे, तिने आपले काळीज हजेरीच्या रकान्यात कंसात ठेवून दिलेले होते. कुमुदबाईंना आपण काय लिहितो आहोत हे कळते का? माझ्या मते नाही. त्या बाईला आयुष्यात एकदाही शुद्धलेखन तपासायची गरज पडलेली नाही.

क्रौर्याचा वेग

कंपूचे क्रौर्य जिन्याने चढावे, लिफ्टने नव्हे. प्रथम सुषमाला वेळ बदलल्याचे कळवायचे राहून जाते. कळवायचे राहिले याबद्दल मंडळ खेद व्यक्त करते. मग स्पर्धा जवळ आल्याने तिच्यावर ‘प्रसाद विभागाची जबाबदारी’ सोपवली जाते, म्हणजे गाणे चालू असताना ती मागच्या खोलीत पंचखाद्याच्या पुड्या बांधत बसते. तिचा आवाज मंडळात सर्वांत चांगला असल्याने प्रतिभाला मात्र अडचण येते आणि ती म्हणते, निदान कोरसला तरी घेऊ या. प्रतिभाचे हे न्यायाने वागणे स्वार्थातून आलेले असावे, नाहीतर तिची जागा कीर्तनात आहे. फुगडीचा एक प्रसंगही घालता येईल. चवथीच्या दिवसांत अंगणात फुगडी सुरू होते आणि सुषमाच्या हातांत हात गुंफायला कोणी पुढे होत नाही. कुमुदबाई उठतात, गुडघा दुखत असूनही, आणि दोघी फिरतात. दोन बायकांनी एकमेकींचे हात घट्ट धरून, मागे रेलून, घेरी येईपर्यंत फिरावे याला गावाची पूर्ण मान्यता आहे. त्या गुरुवारच्या वहीत एवढेच येते : “फुगडी झाली. चिटणीसांच्या गुडघ्यास त्रास. खेद.”

मग पुरावा लागतो. कोणालाही नुसते काढता येत नाही. काढण्यासाठी कागद लागतो, आणि कागद कुमुदबाईंकडे आहे. सुलभावहिनी वही मागतात, हजेरीची पाने उलटतात आणि बोट ठेवून वाचतात, “जाय, जाय, जाय.” विधवा सभासद दर गुरुवारी फुले माळून येत होती, तारखेनिशी आणि वेळेनिशी, चिटणीसांच्या हस्ताक्षरात. कुमुदबाईंनी जे जपून ठेवले होते तेच आरोपपत्र झाले. इथे लेखकाने आपला हात अगदी स्थिर ठेवावा. रडणे नको, खुलासा नको, आकांत नको. शालनमावशी विचारतात, “बाई, हे तुमचेच अक्षर ना?” आणि कुमुदबाई म्हणतात, “होय.” त्यानंतर त्या स्वतःच ठराव लिहितात, कारण वही लिहिणे हे त्यांचे काम आहे :

“ठराव क्र. २३. श्रीमती सुषमा यांच्या प्रकृतीची काळजी वाटून मंडळ त्यांना विश्रांती देत आहे. सर्वानुमते.”

‘सर्वानुमते’ या शब्दात कुमुदबाईंचे मतही आले.

उपहास कोणावर रोखायचा, याचा निवाडा इथे होतो. वाचक सुषमाला हसला तर कथा हलकट ठरते. तो कुमुदबाईंना हसला तर ती क्रूर ठरते, आणि थोडी क्रूर असायला माझी हरकत नाही. पण हसू खरे यावे ते त्या ‘विश्रांती’ला, ‘काळजी’ला, ‘शुद्धते’ला, आणि ते येताना वाचकाला आठवावे की असले शब्द आपणही गेल्याच आठवड्यात कोणाला तरी पाठवले होते.

शेवटाबद्दल

माझ्या एका कथेचा शेवट एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला न विचारता वाढवला होता. मी जिथे थांबले होते त्यापुढे त्यांनी दोन वाक्ये घातली, ज्यांत नायिकेला आपल्या आयुष्याचा अर्थ उमगला, आणि सोबत चंद्राकडे पाहणाऱ्या मोकळ्या केसांच्या बाईचे चित्र छापले. कथेत चंद्र नव्हता आणि बाईचा अंबाडा होता. तेव्हापासून मी शेवट असा करते की त्याला पुढे काही चिकटवायला गेले तर ते खोटे दिसावे. इतिवृत्ताचे रूप यासाठीही सोयीचे आहे. ठरावापुढे कोणी उसासा जोडू शकत नाही.

सुषमाला काढल्यावर स्पर्धा होऊ द्यावी. मंडळाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले, असे एका ओळीत सांगावे. पहिले दिले तर ते अन्याय वाटते आणि काहीच दिले नाही तर न्याय. पखवाजवाले पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या मंडळाकडे जाऊ लागले, हेही एका ओळीत. कणकेचा डबा सुलभावहिनींच्या फळीवर रिकामा राहिला, हे सांगूच नये. पोळी पुन्हा मऊ झाली, असे नवऱ्याने म्हणावे, आणि त्यावर वहिनींनी ताट उचलावे.

मग शेवटची बैठक. पावसाळा सरलेला, जाईचा बहर कधीच संपलेला. विषयपत्रिकेत वर्गणी आणि टाळांची दुरुस्ती. कुमुदबाई नेहमीच्या वळणदार अक्षरात हजेरी लावतात :

“उपस्थित : सौ. सुलभा, सौ. शालन, सौ. प्रतिभा, कु. कुमुद.

अनुपस्थित : श्रीमती सुषमा (जाय).”